चौऱ्याऐंशी फूट सव्वादहा इंच

व्हर्लिन टॅकेट लाकूड दोनदा मोजून एकदा कापायचा. लोखंड असेल तर तीनदा मोजायचा. एक्केचाळीस वर्षं तो तेलाच्या आणि वायूच्या नळांवर वेल्डर होता. वायोमिंगपासून टेक्सासपर्यंत त्याचे जोड जमिनीखाली पुरलेले आहेत आणि प्रत्येक जोडाशेजारी त्याची खूण आहे, बी-सात. गुडघ्यांनी हात टेकले तेव्हा तो ओक्लाहोमातल्या हॅकबेरी गावी आपल्या घरी परत आला.

घरी आल्यावरही मोजायची फीत त्याच्या पट्ट्याला राहिली. वाढदिवसाचा केक तो मोजून कापी. शेजाऱ्याचं फाटक बोटभर कललेलं दिसलं की न विचारता जाऊन सरळ करी आणि शेजाऱ्याने आभार मानले तर म्हणे, "मला इथून दिसत होतं."

अशा माणसाने एकदा मोजलं नाही. त्या एका वेळेची ही गोष्ट.

त्याची मुलगी शॉना लहानपणी गावच्या मैदानावर सॉफ्टबॉल खेळायची. व्हर्लिनने तिचे चार सामने पाहिले. सात वर्षांत चार. बाकीच्या वेळी तो कुठल्या तरी चरात वाकलेला असे. हा आकडा त्याला कधी कुणी विचारला नाही, पण पाठ होता. शॉनाची मुलगी रेलिन बॅट धरायला लागली तेव्हा तो एक पांढरी बादली घेऊन आला, झाकणावर जाड फोम चिकटवला आणि जाळीमागे त्या बादलीवर बसला. त्यानंतर रेलिनचा एकही सामना त्याने सोडला नाही.

रेलिन आता सतरा वर्षांची होती, शाळेचं शेवटचं वर्ष. खेळायची कॅचर म्हणून, बॅटवालीच्या मागे वाकून बसून चेंडू पकडणारी. तिचे वडील टेक्सासात तेलविहिरीवर असायचे, आई वृद्धाश्रमात पाळीने काम करायची, त्यामुळे शाळा सुटल्यावर ती आजोबांकडेच. त्याला ती पापॉ म्हणे. तिला गुरांच्या दवाखान्यात काम करायचं होतं आणि तो अभ्यास दीडशे मैलांवरच्या प्रेअरी फोर्क नावाच्या छोट्या कॉलेजात होता. तिथे खेळाडू म्हणून घेतलं तरच खर्च झेपून जाणं जमणार होतं. तिथल्या कोच ब्रँट यांचं पत्र आलं होतं. एक कॅचर हवी आहे. एकच जागा उरली आहे. सामन्यांचं चित्रण नको, कौशल्याचा व्हिडिओ पाठवा. आणि शेवटी एक ओळ : पॉप १.८५ किंवा त्याखाली असावा.

पॉप म्हणजे कॅचरचा जीव. चेंडू तिच्या ग्लोव्हमध्ये थडकला त्या क्षणापासून चौकोनाच्या समोरच्या कोपऱ्यावर, दुसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हमध्ये पोचेपर्यंतचा वेळ, सेकंदांत. बेस चोरायला, म्हणजे फटका न लागताच पुढचा बेस गाठायला धावत सुटलेली मुलगी बाद होणार की नाही ते त्यावर ठरतं. जानेवारीत रेलिनचा पॉप १.९६ होता. सगळा हिवाळा ती गॅरेजात टांगलेल्या जुन्या गालिच्यावर चेंडू फेकत राहिली, रोज शंभर. व्हर्लिन बादलीवर बसून मोजायचा.

"एकाहत्तर. बाहत्तर. ही धरली नाही."

"का?"

"कोपर खाली होतं."

"पापॉ, गालिच्याला लागली ना!"

"गालिचा पळून जात नाही. बाहत्तर."

शंभर धरलेल्या फेकींसाठी कधी एकशे तीस कराव्या लागत. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पॉप १.८९ वर आला आणि तिथेच अडला.

पहिला व्हिडिओ रेलिनच्या वर्गातल्या केन्झीने करून दिला होता. तो बघायला पेगी वोमॅक आली. पेगीने तीस वर्षं हॅकबेरीच्या मुलींना हा खेळ शिकवला होता, शॉनालाही. सूर्यफुलाच्या बिया सोलल्याशिवाय तिला विचार करता येत नसे. तिने टेबलावर एक वाटी ओढली, व्हिडिओ संपेपर्यंत टरफलं टाकत राहिली, मग म्हणाली, "कुणाचं लग्न आहे?"

"कोच!"

"नाही, वाजंत्री आहेत म्हणून विचारलं. आणि हा धूर कसला निघतोय तुझ्या बॅटमधून?"

"केन्झीने टाकलाय. छान दिसतो म्हणून."

"बॅट जळतेय असं दिसतं. आणि इथे बघ. तू चेंडू फेकलास आणि लगेच दुसरं चित्र. चेंडू गेला कुठे? कॅन्ससला?"

व्हर्लिन चुलीपाशी राजम्याच्या भांड्यात पळी फिरवत होता. त्याचे खांदे हलले.

"कॉलेजच्या कोचला असले दोनशे व्हिडिओ येतात," पेगी म्हणाली. "तुकडे जोडलेले दिसले की त्यांना कळतं, मधलं लपवलंय. सरळ घ्यायचं. मोबाइल एका जागी उभा करायचा. पाच फेकी सलग. चांगली जाईल, वाईट जाईल, जशी जाईल तशी. कापायचं नाही. वाईट गेल्यावर पोरगी काय करते, ते त्यांना बघायचं असतं."

"जोड घासून गुळगुळीत केलेला दिसला," व्हर्लिन चुलीकडेच तोंड ठेवून म्हणाला, "की तपासनीस आधी तिथे थांबतो."

"बघ. टॅकेटलासुद्धा कळलं. म्हणजे अवघड नाहीये."

रविवारी चर्च आणि जेवण आटोपून चौघं मैदानावर गेली. व्हर्लिनने आदल्या दिवशी तारेच्या जाळीचा तुकडा पिकअपला बांधून, त्यावर दोन टायर टाकून, लाल माती ओढून सपाट केली होती. मोबाइल उभा करायला त्याने सळईची तिकाटणी वेल्ड करून आणली होती. ती इतकी जड होती की शॉना म्हणाली, "डॅडी, यावर मोबाइल ठेवायचाय की पूल बांधायचाय?"

"वारा आहे," व्हर्लिन म्हणाला.

वारा खराच होता. बॅटवाली उभी राहते त्या होम प्लेटवरून उठलेली माती थेट दातांत येत होती. पेगी पिचर होणार होती. एकसष्ट वर्षांची होती, पण खालून फेकलेला तिचा चेंडू अजून सरळ जाई. शॉना दुसऱ्या बेसवर उभी राहून चेंडू घेणार होती. तिने आपला शाळेतला ग्लोव्ह माळ्यावरून काढला होता.

बेस तेवढा बसवायचा राहिला होता. मैदानात बेसची भोकं कायमची पुरलेली असतात. वरून रबराचं बूच. बूच काढायचं, बेसचा खुंट आत सारायचा. व्हर्लिन गुडघ्यावर बसला, स्क्रूड्रायव्हरने माती टोचत गेला. टक्क आवाज आला. बूच निघालं. बेस बसला.

फीत गाडीत राहिली होती. चर्चला जाताना पट्ट्यावरून काढून ठेवली होती. गाडी कुंपणाबाहेर, अडीचशे फुटांवर. व्हर्लिनने गाडीकडे बघितलं.

"टॅकेट!" पेगी ओरडली. "तिथे झाड लावतोयस का? वारा वाढतोय!"

ही भोकं अकरा वर्षांपूर्वी त्यानेच काँक्रिटात पुरली होती. होम प्लेटच्या टोकापासून दुसऱ्या बेसच्या मध्यापर्यंत चौऱ्याऐंशी फूट सव्वादहा इंच. तेव्हा तीनदा मोजलं होतं. स्वतःचंच काम पुन्हा काय मोजायचं, असं त्याच्या मनात आलं. गुडघाही ठणकत होता. तो उठून मोबाइलपाशी गेला.

रेलिनने हेल्मेट हातात धरून आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, शाळेचं वर्ष सांगितलं. मग वाकून बसली. पेगीने चेंडू टाकला.

व्हर्लिनच्या हातात स्टॉपवॉच होतं. पहिली फेक १.८१. त्याला वाटलं अंगठा चुकला. दुसरी १.७९. तिसरी १.८३. चौथी १.७८. पाचवी १.८०.

पाचव्या फेकीनंतर शॉनाने ग्लोव्ह काढून हात झटकला. पेगीने तोंडातल्या बिया थुंकल्या.

"किती?" रेलिनने मास्क वर केला. "पापॉ, किती?"

व्हर्लिनने आकडे सांगितले. रेलिन होम प्लेटवरून जी धावत सुटली ती आईच्या गळ्यात जाऊन पडली. दोघी मातीत बसल्या. व्हर्लिन जाळीकडे तोंड करून डोळे पुसत होता.

"रडतोयस?" पेगीने विचारलं.

"माती गेलीय."

"दोन्ही डोळ्यांत?"

"वारा आहे."

व्हिडिओ त्याच संध्याकाळी गेला. सोमवारी दुपारी कोच ब्रँट यांचं उत्तर आलं. आपण स्वतः व्हिडिओतली एकेक चौकट मोजून पॉप काढला, १.७८ निघतो, शुक्रवारी निर्णय कळवते, तोवर दुसऱ्या कॉलेजला होकार देऊ नये. रेलिनने ते उत्तर छापून व्हर्लिनच्या फ्रिजवर चुंबकाने लावलं आणि येता-जाता वाचत राहिली. बटाटे काढायला म्हणून फ्रिजकडे गेली की बटाटे विसरायची.

मंगळवारी दुपारी व्हर्लिन पुन्हा मैदानावर गेला. त्या दिवशी लहान मुलींचा सराव असे, सात-आठ वर्षांच्या, हेल्मेटखाली तोंड न दिसणाऱ्या. माती ओढून द्यायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. नगरपालिकेचा एडी बेस लावत होता. त्याने दुसरा बेस लावला तो रविवारच्याच भोकात.

व्हर्लिनने पिकअप थांबवली. काच खाली केली.

"एडी, लहानींचा बेस जवळ असतो ना? एका बेसपासून पुढच्यापर्यंत पंचावन्न फूट, मोठ्या मुलींसारखे साठ नाहीत?"

"हो. हे पंचावन्नचंच भोक आहे," एडी म्हणाला. "गेल्या मेमध्ये आम्हीच बसवलं. तुमचं जुनं मागे आहे." तो दोन-तीन पावलं मागे गेला आणि बुटाने माती सारली. खाली दुसरं बूच होतं. "हे कुणी महिनोन् महिने उघडलं नाही. मोठ्या मुली हल्ली शाळेच्या मैदानावर खेळतात ना."

व्हर्लिन खाली उतरला. फीत घेतली. होम प्लेटच्या टोकाला खिळा रोवून तिची कडी अडकवली आणि चालत गेला. सत्त्याहत्तर फूट, साडेनऊ इंचाला थोडं कमी. परत येऊन पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा.

"काय झालं?" एडीने विचारलं.

"काही नाही. तू बरोबर लावलायस."

सात फूट जवळ. वेळ व्हिडिओत कुणालाही मोजता येतो. अंतर दिसत नाही. कॅचरच्या मागून घेतलेल्या चित्रात दुसरा बेस म्हणजे एक पांढरा ठिपका. तो सात फूट अलीकडे आहे की पलीकडे, हे कोच ब्रँट यांना तर सोडाच, मैदानावर उभ्या असलेल्या चौघांना कळलं नव्हतं. पेगीलाही नाही.

तो गाडीत बसून राहिला. बाहेर लहान मुली किंचाळत बेसभोवती धावत होत्या आणि एकजण मधेच बसून मातीत घर करत होती.

वायोमिंगमध्ये एका हिवाळ्यात त्याने एक जोड केला होता. क्ष-किरणात पास झाला. पण शेवटचा थर टाकताना वाऱ्याची झुळूक आली होती आणि हात एवढासा थरथरला होता, हे त्याला माहीत होतं. संध्याकाळी जाऊन त्याने फोरमनला सांगितलं, कापा तो. फोरमनने त्याच्या आईबापांचा उद्धार केला. सकाळी कापून पाहिला तर आत काहीच दोष नव्हता. त्यावर सगळ्या टोळीने त्याला महिनाभर हसून घेतलं. तो जोड पुन्हा केला तेव्हा मात्र त्याने शेजारी खूण घातली ती नेहमीपेक्षा मोठी. पण तो जोड त्याचा एकट्याचा होता. हा व्हिडिओ रेलिनचा होता.

पाच वाजता तो शाळेच्या दारात उभा होता. रेलिन पिशवी मागे टाकून शेजारी बसली. त्याने गाडी सुरू केली नाही.

"रविवारी मी बेस चुकीच्या भोकात लावला," तो म्हणाला. "लहानींच्या. सात फूट जवळ होता."

रेलिनने त्याच्याकडे वळून बघितलं.

"म्हणजे?"

"म्हणजे १.७८ खरा नाही. साधारण १.८७ असेल."

"तू मोजलं नाहीस?"

"नाही."

"तू? पापॉ, तू केक मोजतोस! तू कुत्र्याचं खाणं मोजतोस! आणि माझं..." तिचा आवाज फुटला. तिने तोंड खिडकीकडे वळवलं. शाळेची पिवळी बस निघून गेली, मग दुसरी.

"कुणाला कळणार आहे?" ती खिडकीकडे बघतच म्हणाली.

"कुणालाच नाही."

"मग?"

तिला काय सांगायचं ते व्हर्लिनने गाडीत तासभर घोकलं होतं, त्यातलं एकही वाक्य आता बरोबर वाटेना. तो एवढंच म्हणाला, "चूक माझी आहे. तू म्हणशील तर मी कोचना फोन करतो. तुझं नाव खराब होणार नाही असं सांगतो."

"गाडी चालव," रेलिन म्हणाली.

घरी आल्यावर ती सरळ गॅरेजात गेली. व्हर्लिन स्वयंपाकघरात उभा राहिला. गालिच्यावर चेंडू आदळू लागले. धप्प. धप्प. तो सवयीने मोजू लागला. छत्तिसाव्यानंतर आवाज थांबला. मग ती दारात आली, तोंड लाल, हातात मोबाइल.

"लिहिलं," ती म्हणाली. "गेलंसुद्धा."

त्याने चष्मा लावला. पडद्यावर चार ओळी होत्या. रविवारच्या व्हिडिओत दुसरा बेस सात फूट जवळ होता. आमची चूक झाली. बरोबर अंतरावरचा व्हिडिओ गुरुवारी पाठवते. रेलिन.

"'आमची' का? 'माझ्या आजोबांची' लिहायचं."

"कुणाचाही चेंडू सुटला तरी 'आपला सुटला' म्हणायचं. कोच पेगीचा नियम आहे." ती फ्रिजपाशी गेली, छापलेलं उत्तर काढून चार घड्या केल्या आणि कचऱ्यात न टाकता खिशात घातलं. "मी अजून रागावलेय तुझ्यावर."

"बरं."

"जेवायला काय आहे?"

"मक्याची भाकरी. राजमा."

"मोजून वाढू नकोस."

बुधवारी कोच ब्रँट यांचं काही उत्तर आलं नाही. गुरुवारी सकाळीही नाही. रेलिन दर तासाला मोबाइल बघत होती. व्हर्लिन बघत नव्हता, तिच्या तोंडाकडे बघत होता.

गुरुवारी चारला पुन्हा तीच चौघं. शॉना पाळीवरून थेट आली होती, कामाचे पांढरे बूट आणि निळा सदरा घालूनच. व्हर्लिनच्या पट्ट्याला एक फीत होती आणि हातात दुसरी.

"दोन?" पेगीने विचारलं.

"एक चुकली तर."

"फीत चुकत नाही रे टॅकेट. ती गाडीत राहते."

रेलिन हसली. मंगळवारपासून पहिल्यांदा. पेगीने टरफल थुंकलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मीही तिथेच होते की. तीस वर्षं त्या बेसकडे बघतेय. मला नाही दिसलं." मग लगेच मोठ्याने, "चला, उभं राहायचे पैसे नाही मिळत मला!"

मोबाइल सुरू झाला. आधी मोजायचं, असं रेलिननेच ठरवलं होतं, आणि तेही व्हिडिओत. व्हर्लिनने फितीची कडी होम प्लेटच्या टोकावर अडकवली आणि निघाला. डावा गुडघा वाकत नसल्यामुळे तो पाय बाहेरून फिरवून टाकी. पिचरच्या वर्तुळावरून, लाल मातीवरून, दुसऱ्या बेसपर्यंत. तिथे एक हात जमिनीला टेकून खाली बसला, फीत ओढून धरली, वाचली, आणि शॉनाला वाचायला सांगितली.

"चौऱ्याऐंशी फूट सव्वादहा इंच!" शॉना ओरडली.

त्याला उठता येईना. शॉनाने हात दिला. तो उठला, फीत गुंडाळत तसाच परत आला. या सगळ्याला पावणेदोन मिनिटं लागली.

"हे कापून टाक नंतर," तो म्हणाला. "म्हाताऱ्याचं लंगडणं कोण बघत बसणार?"

"सलग म्हणजे सलग," रेलिन म्हणाली आणि वाकून बसली.

पहिली फेक १.९०. दुसरी १.८८. तिसऱ्या वेळी पेगीचा चेंडू जरा खाली आला, रेलिनने तो घाईने उचलला, आणि तिची फेक शॉनाच्या डोक्यावरून गेली ती मैदानाच्या पार कुंपणाला लागून थांबली.

व्हर्लिनचा हात मोबाइलकडे गेला. त्याला स्वतःला कळायच्या आत गेला. एक बोट लावलं की थांबलं असतं. पुन्हा पहिल्यापासून करता आलं असतं, कुणाला कळलंही नसतं. रेलिनचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. तिने कुंपणाकडेही बघितलं नाही, आईकडे नाही, पेगीकडे नाही. बुटाने पायाखालची माती सारखी केली, ग्लोव्हवर मूठ आपटली आणि म्हणाली, "पुढचा, कोच."

व्हर्लिनने हात मागे घेतला.

चौथी १.८७. पाचवी १.८६.

"शतांशाने हुकला," शॉना बेसवरून म्हणाली. "रेलिन, आणखी पाच टाकूया का? हात गरम झालाय तुझा आता."

रेलिनने मास्क काढला. केस घामाने कपाळाला चिकटले होते. तिने आजोबांकडे बघितलं. तोंडावर काही दिसू द्यायचं नाही असा त्याने निश्चय केला होता आणि तो जमत नव्हता.

"नको," ती म्हणाली. "पाच म्हणजे पाच."

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला फोन आला. सगळे व्हर्लिनच्या ओसरीवर होते. रेलिनने मोबाइल मधल्या टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. तिचे हात मांड्यांखाली होते.

"मंगळवारी तुझा निरोप आला तेव्हा मी दुसऱ्या मुलीला फोन लावत होते," कोच ब्रँट म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा होता. "लावला नाही. म्हटलं, गुरुवार बघू."

"हो, मॅम."

"१.७८ची मुलगी मला आवडली असती."

"हो, मॅम."

"तू ती नाहीस. तू १.८६ची आहेस. पहिलं वर्षभर तू सामन्यात उतरणार नाहीस. माझ्या पिचर मुलींचे सरावाचे चेंडू पकडशील, दिवसाला दोनशे. नखं काळी होतील. दुसऱ्या वर्षी काय ते बघू. चालेल?"

पेगीने रेलिनला कोपराने ढोसलं.

"चालेल, मॅम."

"तिसरी फेक कुंपणाला गेली. त्यानंतर तू जे केलंस ते मी चार वेळा पाहिलं. १.८६चा १.८० मला करता येतो. ते करता येत नाही." कागद चाळल्याचा आवाज आला. "जागा तुझी. कागद सोमवारी पाठवते. आणि ते सुरुवातीला मोजणारे गृहस्थ कोण?"

"माझे पापॉ, मॅम."

"त्यांना सांग, गुडघ्याला बर्फ लावा म्हणावं."

फोन बंद झाला. शॉना रडत होती, पेगी बियांची वाटी शोधत होती आणि ती तिच्याच मांडीवर होती. रेलिन उठली, व्हर्लिनच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिने आपली हनुवटी त्याच्या टकलावर टेकली. तो हलला नाही. हलला तर ती जाईल असं त्याला वाटलं.

"ऐकलंस ना? बर्फ."

"ऐकलं."

"अजून थोडी रागावलेय."

"किती?"

"थोडी. मोजू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मैदानावर निघाला तेव्हा ती न बोलवता गाडीत येऊन बसली. मागे तिकाटणी नव्हती, हातोडा, पोलादी ठशांची पेटी आणि पत्र्याच्या गोल चकत्या होत्या. बुचं तीच ठेवायची, पण प्रत्येकावर चकती पक्की करायची, म्हणजे माती सारली की आधी आकडा दिसेल. जवळच्या भोकासाठी त्याने गॅरेजातच ५५ ठोकून आणलं होतं. ती चकती त्याने बसवली, हाताने हलवून पाहिली.

मग मागच्या भोकाची. तिच्यावर ६० ठोकलेलं होतं. त्याखाली थोडी जागा रिकामी होती. व्हर्लिनने पेटीतून दोन ठसे काढले आणि हातोड्याच्या एकेका घावात ठोकले. बी. सात. निवृत्त झाल्यापासून ही खूण त्याने कशावरच घातली नव्हती.

"आता हेही तुझ्या नावावर," रेलिन म्हणाली.

"आधीही होतंच. लिहिलं नव्हतं." त्याने पट्ट्याची फीत सोडवून तिच्या हातात दिली. "जा. टोक धर."

"काल परवाच मोजलंय, पापॉ."

"चकती बसवल्यावर नाही मोजलं."

ती होम प्लेटकडे गेली, वाकून बसली, कॅचर बसतो तशीच, आणि फितीचं टोक प्लेटच्या टोकावर अंगठ्याने दाबून धरलं. वारा पडला होता. फीत दोघांच्या मध्ये सरळ ताणली गेली, कुठे झोळ नाही.

"धरलीस?"

"धरली. वाच."

त्याने चष्मा पुसला आणि वाचू लागला.